डाव्या फांदीचं वळण

तारमास्तरांच्या घरी पाहुण्याने पाणी मागितलं, की त्यांची बायको आधी गॅलरीकडे बघत असे. झाडांचं पाणी झालेलं असेल तर लगेच माणसांचा नंबर लागे, नाहीतर पाहुण्याला थोडं थांबावं लागे. तिला सगळी बिल्डिंग काकू म्हणायची. ती स्वभावाने काही कंजूष नव्हती, पण ज्या घरात सत्तर झाडं आणि तीन माणसं राहतात, त्या घराला काहीतरी नियम लागतोच.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. जळलेल्या मोटारी आणि पंखे उघडायचे, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार वेढे मोजून भरायची, हा त्यांचा धंदा. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांना बाहेर यावं लागे. काम मात्र असं पक्कं, की त्यांच्या हातून गेलेली मोटार पुन्हा दुकानाची पायरी चढत नसे. दुकान मोठं न होण्याचं कारणही तेच, असं काकूंचं ठाम मत होतं.

झाडांचा नाद त्यांना लागला तो कागदापायी. मोटारीच्या खाचेत तार भरण्याआधी जाड कागद घालावा लागतो. तो स्वस्तात मिळावा म्हणून मास्तर रद्दीवाल्याकडून जाड पानांची जुनी पुस्तकं उचलत आणि कात्रीने फाडत. एकदा कात्री लावायला म्हणून एक पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर झाडाचा फोटो. उथळ तबकात हातभर उंचीचं झाड, अंगावर एकही पान नाही, आणि बघावं तर शंभर वर्षांचं म्हातारं. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. झाडाच्या फांद्यांना तांब्याची तार गुंडाळलेली होती, आणि वेढे अगदी सारख्या अंतरावर होते.

"अरे, हा तर आपल्यातलाच माणूस!" मास्तर मोठ्याने म्हणाले आणि कात्री खाली ठेवली. त्या दिवशीच्या मिक्सरला कागदच मिळाला नाही, तो दुसऱ्या दिवशी झाला.

पुस्तक होतं कुठल्यातरी थंड देशातलं. मास्तरांनी कोश मांडीवर घेऊन एकेक ओळ सोडवली. त्यात लिहिलं होतं, की झाडाला दोन महिने गार झोप हवी, तेव्हा पानं गळतात, मग ते ताजंतवानं होऊन उठतं. आता मास्तरांच्या गावात बाराही महिने घाम. झाडाला गार झोप आणायची कुठून? मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला.

"आणि दूध कुठे ठेवू?" काकूंनी विचारलं.

"दोन महिने रोजचं रोज आणू."

"आणि भाजी?"

"ती झाडाशेजारी राहील. त्याला सोबत."

कुंडीतलं दोन वितींचं चिंचेचं रोप फ्रिजमध्ये झोपायला गेलं. मग मास्तरांच्या मनात आलं, की दार उघडलं की आत दिवा लागतो, त्याने झोपमोड होणार. विजेच्या धंद्यातला माणूस, त्यांनी दिवाच काढून ठेवला. त्यामुळे दोन महिने काकू फ्रिजमध्ये अंधारात चाचपडत होत्या, आणि दोनदा तरी कोथिंबीर समजून चिंचेचा पाला भाजीत पडला. लेक तेव्हा लहान होती, ती मैत्रिणींना घरी आणून सांगायची, "आमच्या फ्रिजमध्ये एक झाड झोपलंय, हळू बोला."

चाळिसाव्या दिवशी पानं गळली. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. "झोपलं! झोपलं!" म्हणत ते शेजाऱ्यांना सांगून आले. दोन महिन्यांनी त्यांनी झाड बाहेर काढलं, कोवळ्या उन्हात ठेवलं आणि उठायची वाट बघू लागले. आठवडा गेला, महिना गेला, चार महिने गेले. रोज सकाळी मास्तर कुंडीपुढे उकिडवे बसत आणि रोज म्हणत, "गाढ झोप लागलीय."

शेवटी काकूंनीच तोंड उघडलं. "अहो, ते गेलं. कधीच गेलं."

मास्तर तीन दिवस नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर, त्या फोटोखाली, पेनने लिहिलं: आपली झाडं झोपत नाहीत. माणसाच्या आयुष्यातली खरी अक्कल अशी एखाद्या ओळीची असते आणि ती फार महाग पडते. मास्तरांना ती एका चिंचेच्या रोपात मिळाली.

तिथून पुढे त्यांनी पुस्तकाचं ऐकणं सोडलं आणि झाडांचं ऐकायला सुरुवात केली. पुस्तक म्हणे, तार वर्षभर ठेवा. इथे सहा आठवड्यांत फांदी एवढी फुगते, की तार सालीत रुतून बसते. पुस्तक म्हणे, पाणी दोन दिवसांनी द्या. इथे दुपारी दोनला पाणी चुकलं, तर संध्याकाळी झाडाने मान टाकलेली. मास्तर एक वही ठेवू लागले, कुठल्या झाडाला तार कधी बांधली, कधी सोडली, त्यात काय चुकलं. चुकलं हा रकाना सगळ्यात भरलेला असायचा. हळूहळू वड, बोगनवेल, चिंच असली घाम गाळणारी झाडं त्यांच्या हाताखाली तबकात नीट बसू लागली. वडाच्या पारंब्या हव्या तिथे उतरवायला ते सरबताच्या नळ्यांत ओलं शेवाळ भरून टांगत, आणि पारंबी बिचारी नळीतून मुकाट्याने खाली येई. रविवारी गच्चीवर शिकायला माणसं जमू लागली. "तार अशी धरा, जणू गिऱ्हाईक समोर उभं आहे," असं मास्तर त्यांना सांगत.

एवढं होऊनही मास्तरांची एक हौस काही फिटत नव्हती. गावातल्या बागप्रेमी मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन भरे आणि दरवर्षी मास्तरांचं टेबल हात धुवायच्या बेसिनशेजारी असे. लोक येत, हात धूत आणि ओले हात झाडावर झटकत. मंडळाच्या चिटणिसांचं म्हणणं, खरं बोन्साय थंड देशातलंच, वड काय गटारातही उगवतो. पहिलं टेबल, दारातून शिरल्यावर समोर दिसणारं, ते बँकेतल्या एका साहेबांना. त्यांचं झाड परदेशातून पेटीत आलेलं होतं, एसीच्या खोलीत राहायचं, आणि साहेबांनी त्याला आजवर बोटही लावलं नव्हतं. अठरा वर्षं मास्तर बेसिनशेजारी उभे राहिले आणि अठरा वर्षं घरी येऊन म्हणाले, "एकदा, फक्त एकदा त्या पहिल्या टेबलावर आपला वड ठेवायचाय."

हा वड म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. लेक पहिलीत गेली त्या आठवड्यात दुकानाच्या पन्हाळीच्या भेगेतून तो त्यांनी सोलून काढला होता. चिटणीस म्हणत ते गटाराचं अगदीच खोटं नव्हतं. लेक मोठी झाली, शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला गेली. वड मात्र हातभरच राहिला, पण रुंद, जुनाट, पारंब्या उतरलेला, तबकासकट उचलायला दोन माणसं लागतील असा. आणि त्याचं खरं वैभव म्हणजे डावी फांदी. ती खोडातून निघून आधी झपकन खाली येई आणि मग अशी काही अलगद वर वळे, की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जाई. "हे वळण तुम्ही दिलंत?" लोक विचारत. मास्तर मान किंचित तिरकी करून हसत. हो असं तोंडाने ते कधी म्हणाले नाहीत, पण नाही असंही म्हणाले नाहीत.

खरी गोष्ट वेगळी होती. लेक सोळा वर्षांची असताना एका रविवारी मास्तरांनी वडाच्या पन्नासेक फांद्यांना तार बांधली होती. सोमवारी ते दुकानात गेले आणि काकूंनी गादी झटकायला गॅलरीत आणली. गादी अंगावर आली, काकू मागे सरकल्या, आणि गादीचा कोपरा डाव्या फांदीवर बसला. फांदी कडकन मोडली आणि चिरफळीवर लोंबू लागली. पांढरा चीक टपटप गळत होता. काकू झाडांना सवत म्हणायच्या, पण त्या दिवशी त्या सवतीसाठीच धावल्या. त्यांनी फांदी हाताने खोडाशी दाबून धरली, हाताला काय येईल ते ओढलं, करकचून बांधलं, टोक वर उचलून दुसरी गाठ मारली, वरून मास्तरांच्याच डब्यातली तांब्याची तार गुंडाळली आणि त्यावर शेवाळ थापलं. पन्नास फांद्यांत एक, कोणाला कळतंय!

संध्याकाळी मास्तर घरी आले, आंघोळ केली आणि दोरीवरचा पायजमा पायात चढवला. तो थेट घोट्यावर उतरला. नाडी नव्हती. एका हाताने पायजमा धरून त्यांनी घरभर नाडी शोधली. शोधत शोधत गॅलरीत गेले, वडापाशी थबकले आणि शेवाळाखालून डोकावणारं पांढरं विणलेलं टोक त्यांनी ओळखलं. क्षणभर त्यांचं डोकंच फिरलं. ओरडायला तोंड उघडलं, आणि फांदीकडे नजर गेली. हे वळण त्यांना गेली दहा वर्षं सुचत नव्हतं. काटकोन करून, तिरकं करून, सगळं करून झालं होतं. आणि हे असं, खाली येऊन अलगद वर गेलेलं! मास्तरांनी तोंड मिटलं, आत जाऊन सेफ्टी पिन शोधली आणि पायजम्याला लावली.

त्यानंतर नाडी सोडायची कोणी, हा प्रश्न झाला. काकूंनी सोडली तर कबुली दिल्यासारखं होणार, मास्तरांनी सोडली तर माहीत असल्याचं उघड होणार. सहा आठवडे उलटले, सहा महिने उलटले, नाडी सालीत पार रुतली आणि शेवटी कुजून आपली आपण पडली. फांदीवर तिची चपटी, वेणीसारखी खूण कायमची उमटली. मास्तर त्या खुणेवर नेहमी चार पानं जास्त राखत. दुसरी एक गोष्ट त्याच आठवड्यापासून सुरू झाली. सवतीला थेंबभर पाणी घालणार नाही म्हणणाऱ्या काकू रोज दुपारी दोनला, झोप मोडून, सगळ्या झाडांना पाणी घालू लागल्या. ही भरपाई कशाची आहे हे मास्तरांना पुरतं कळत होतं. त्यांना लाज वाटायची. पण दुकानात निवांत बसायला मिळायचं, म्हणून ते लाज गिळून टाकायचे.

अशी वीस वर्षं गेली. आणि मग एका वर्षी मंडळाला नव्या परीक्षक बाई मिळाल्या. त्या दूरच्या एका उकाड्याच्या गावच्या, स्वतः चिंचा आणि वड घडवणाऱ्या. त्यांनी वडाचा फोटो पाहिला आणि कळवलं, की हे झाड पहिल्या टेबलावर ठेवा. चिटणिसांचा नाइलाज झाला. त्यांनी मास्तरांच्या हातात फॉर्म दिला. त्यात एक ओळ होती: झाडाला दिलेला प्रत्येक आकार माझ्या एकट्याच्या हातचा आहे. खोटं आढळल्यास झाड स्पर्धेतून बाद. मास्तर पेन घेऊन बराच वेळ बसले. मग त्यांना बेसिन आठवलं, ओले हात आठवले, आणि त्यांनी सही ठोकली.

प्रदर्शनाला तीस दिवस होते. वडाची मोठी पानं सगळी कापून टाकली, की महिन्याभरात नवी, बोटाच्या पेराएवढी पानं एकदम फुटतात, लालसर, चकचकीत. हा गरम हवेतल्या झाडांचा खास डाव आणि मास्तर त्यात तरबेज. त्यांनी एका रविवारी सकाळपासून बसून, देठ ठेवून, एकूण एक पान कापलं. डाव्या फांदीचीही या वेळी गय केली नाही, कारण पहिल्या टेबलावर झाड सगळीकडून सारखं दिसायला हवं. संध्याकाळी वड तुळतुळीत झाला. सोमवारी सकाळी चिटणिसांचा फोन आला. हॉलची फरशी उखडणार होती, म्हणून प्रदर्शन अठरा दिवस आधी घेतलं होतं.

"म्हणजे कधी?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"बारा दिवसांनी. झाड बरं आहे ना?"

"मजेत आहे," मास्तर म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

मग जे सुरू झालं ते बिल्डिंग अजून विसरलेली नाही. वड बाथरूममध्ये गेला, कारण तिथे गरम पाण्याची वाफ मिळते. नळ दिवसातून चार वेळा सोडायचा आणि दार बंद. घरच्यांच्या आंघोळी शेजाऱ्यांकडे. मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून जिना चढता-उतरताना दिसले, की लोक विचारत, "काय, पालवी?" मास्तर बोटाच्या चिमटीने दाखवत, एवढीशी. दहाव्या दिवशी झाडावर फक्त लाल टोकं आली होती, सुईच्या अग्राएवढी. आणि उघड्या फांदीवर नाडीची वेणी दहा पावलांवरून दिसत होती.

मास्तरांनी तपकिरी बूटपॉलिश आणून खुणेवर चोळलं. दोन वाजता काकू पाणी घालायला आल्या आणि सगळं पॉलिश धुऊन गेलं.

"अहो, बुटांना कधी लावत नाही आणि झाडाला?" काकू म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांची नजर त्या खुणेवर गेली आणि त्या पाण्याचं भांडं उचलून बाहेर गेल्या. मास्तरांनी पॉलिशची डबी खिशात घातली.

प्रदर्शनाच्या सकाळी वड टेम्पोतून हॉलवर गेला. दोन हमालांनी कण्हत कण्हत तो पहिल्या टेबलावर चढवला. चिटणिसांनी कपाळाला हात लावला. "मेलेलं झाड आणलंत?"

"जिवंत आहे. फक्त कपडे काढलेत," मास्तर म्हणाले. आवाजात जोर आणायचा प्रयत्न केला, पण आला नाही.

परीक्षक बाई आल्या. ठेंगण्या, गळ्यात साखळीचा चष्मा, हातात भिंग. बेसिनशेजारी या वर्षी कोणाचं झाड आहे हेही त्यांनी पाहिलं नाही, सरळ वडापाशी आल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. मास्तरांच्या डोळ्यांपुढे पुस्तकातलं पहिलं पान आलं. तसंच हातभर झाड, अंगावर एक पान नाही, शंभर वर्षांचं. फ्रिजमध्ये कोंडून जे जमलं नाही ते आज समोर उभं होतं, आणि त्यांना त्याचा आनंदही घेता येत नव्हता.

"पानं नसताना झाड आणणं म्हणजे हिंमत लागते," बाई म्हणाल्या. "सगळं दिसतं. लपवायला जागाच नसते."

"हो ना," मास्तर घाम पुसत म्हणाले.

बाई फिरत फिरत डावीकडे आल्या. भिंग धरलं. मग भिंग बाजूला ठेवून बोट फिरवलं. "सुंदर वळण आहे. सबंध हॉलमध्ये असं नाही. पण ही खूण तारेची नव्हे. तार गोल असते. ही चपटी आहे आणि विणलेली. काय बांधलं होतं तुम्ही?"

मागे दाराशी काकू फवाऱ्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. वीस वर्षं त्या रोज दुपारी झोपेतून उठल्या, ते मास्तरांना एकदम आठवलं.

"नाडी," मास्तर म्हणाले.

"कसली नाडी?"

"पायजम्याची. माझ्या."

हॉलमध्ये खसखस पिकली. बाईही हसल्या. "नाडीने वळण द्यायची ही युक्ती तुमचीच का?"

आता नुसती मान तिरकी केली असती तरी चाललं असतं. मास्तरांची मान तिकडे वळलीही होती. पहिलं टेबल समोर होतं, अठरा वर्षांची हौस हातात होती. त्यांनी मान सरळ केली.

"नाही. हिची आहे," ते दाराकडे हात करून म्हणाले. "हे वळण हिने दिलंय. मला दहा वर्षं सुचत नव्हतं. मी फक्त लोकांना दाखवत फिरलो."

"अहो!" काकू ओरडल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"पायजमा घोट्यावर आल्यावर माणसाला कळतंच ना!"

बाईंनी काकूंना जवळ बोलावलं आणि विचारलं, हे सुचलं कसं.

"सुचलं कसलं डोंबलाचं! गादी लागली, फांदी मोडली, मी घाबरले आणि हाताला आलं ते बांधलं."

"आम्ही सगळे तेच करतो," बाई म्हणाल्या, "फक्त सांगत नाही."

चिटणिसांनी मात्र फॉर्म बाहेर काढला. एकट्याच्या हातचं नाही, म्हणजे झाड स्पर्धेतून बाद. ते टेबलावरून हलवा, असंही ते म्हणाले, पण हमाल केव्हाच गेले होते आणि वड उचलायला चिटणीस स्वतः तयार नव्हते. म्हणून तो दोन दिवस पहिल्या टेबलावरच राहिला. बक्षीस बँकेतल्या साहेबांच्या झाडाला मिळालं. लोक मात्र वडापाशी थांबत आणि कुठे आहे ती नाडी असं विचारत. मास्तर दर वेळी खूण दाखवत आणि काकूंकडे बोट करत.

परतताना टेम्पोत दोघांच्या मध्ये वड होता. काकू म्हणाल्या, "वीस वर्षं मी जीव मुठीत धरून पाणी घातलं. आणि तुम्ही मजेत माझी फांदी मिरवत होतात."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच फार वाईट वाटत होतं, आणि हलकंही वाटत होतं.

"उद्यापासून तुमचं तुम्ही बघा. मी दुपारी झोपणार."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी दुकान बंद केलं आणि धापा टाकत तीन जिने चढून घर गाठलं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. चप्पल न काढताच ते गॅलरीत धावले. सत्तर कुंड्यांची माती ओली होती. काकू चिंचेच्या झाडापुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि एक उंच वाढलेली फांदी त्यांनी खाली ओढून खोडाशी बांधली होती.

"ही सरळसोट वर गेली होती," त्या मागे न बघता म्हणाल्या. "कधीपासून माझ्या डोळ्यांत खुपत होती. तुम्हाला दिसतच नाही."

मास्तरांनी पाहिलं. फांदी खाली येऊन अलगद वर वळली होती, आणि गाठीचं पांढरं विणलेलं टोक वाऱ्यावर हलत होतं. कोन जरा चुकलाय, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"किती दिवस ठेवायची?" काकूंनी विचारलं.

"सहा आठवडे. या वेळी वेळेवर सोडायची."

"कोणी सोडायची?"

"जिने बांधली तिने."

मास्तर घरात आले, वहीत चिंचेच्या पानावर तारीख टाकली, आणि सेफ्टी पिनेचा डबा शोधू लागले.